परतीचं मडकं

त्या सहलीचा आराखडा मी केला होता. दुसऱ्या कुणी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर तोंड सोडणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की हा गृहस्थ स्वतः नामानिराळा राहून जगाला नावं ठेवतोय.

मी तेव्हा कर्जत आणि खालापूरच्या मधल्या एका गावात लोकल बोर्डाच्या शाळेवर मास्तर होतो. तालुक्यात खादीच्या टोप्या नुकत्या कुठे दिसायला लागल्या होत्या, तो काळ. घर आमचं खालापूरचं. आजोबा मास्तर, वडील मास्तर. त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं आणि ते दुसऱ्याला समजावून सांगितलंच पाहिजे, हा घराण्याचा रोग मलाही होता. शाळेच्या मागून डोंगर चढायला लागलं की अर्ध्या तासावर ठाकरांची वाडी होती. बावीस घरं. पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप भरला, तेव्हा गावातले लोक खिडकीतून चौकशी करून जात, आणि वाडीतला एक म्हातारा रोज भिजत खाली येऊन मला काढा पाजून जाई. वाडी त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. त्याच्या बायकोला सगळे बाय म्हणत, मीही म्हणू लागलो. बरा झाल्यावर सुट्टीचे दिवस मी वरच काढायला लागलो.

आता मोहाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चैत्रात मोहाची फुलं पहाटे गळतात. बायका झाडाखालचा पाला आधीच झाडून ठेवतात आणि उजाडलं की टोपल्या घेऊन वेचायला जातात. जाड, रसाळ, फिकी पिवळी फुलं. कातळावर वाळवली की मनुकांसारखी होतात. त्यांची दारू होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती खातात, हे कर्जतच्या पेठेत पान चघळत बसणाऱ्यांना ठाऊक नसतं. आषाढात नाचणी संपते, डोंगरात मजुरी नसते, तेव्हा ही फुलं उकडून, हुलग्यात शिजवून वाडी दोन महिने काढायची. प्रत्येक घरात कोपऱ्यात शेणानं सारवलेली कणगी असे, तिच्यात ही फुलं. पावसाळ्याचा जीव त्या कणगीत.

आणि आमच्या जिल्ह्यात तेव्हा कायदा असा, की मोहाची फुलं परवान्यावाचून घरात साठवणं हाच गुन्हा! दारू गाळा नाहीतर भाजी करा, सरकारला फरक नव्हता. ठेक्याच्या दुकानातली दारू खपली पाहिजे ना! झाड यांच्या दारातलं, फूल यांच्या अंगणात पडणार, आणि उचललं की हे चोर. मला तेव्हाही या कायद्याचा संताप यायचा. पण नुसता संताप येऊन काय उपयोग? अक्कल नको?

कर्जतला नदीकाठी मुंबईच्या एका वकिलांचा बंगला होता. बोर्डात त्यांचं वजन मोठं. शाळेवर कौलं घालायची की नाही, कुठल्या मास्तरला खाडीपलीकडे फेकायचं, हे सगळं त्यांच्या व्हरांड्यात ठरायचं. त्या वर्षी होळीच्या सुमाराला त्यांच्याकडे एक गोरा पाहुणा उतरला होता, कुठल्याशा द्राक्षांच्या डोंगराळ मुलखातला. त्यानं सांगितलं की त्याच्या देशात डोंगराच्या उतारावर द्राक्षांचे मळे असतात आणि लोक तिथे हौसेनं सहलीला जातात. बरोबर माहीतगार वाटाड्या असतो. तो मळा दाखवतो, रस कसा काढतात ते सांगतो, तळघरात नेऊन पिंपातली दारू घोट घोट चाखायला देतो, आणि मग मंडळी पुढच्या मळ्याकडे. हे ऐकून वकिलांना स्फुरण चढलं. मला बोलावणं आलं.

"मास्तर, आपल्याकडे काय कमी आहे हो? डोंगर आहे, मोह आहे. एका दिवसाची झकास सहल आखा. झाडापासून द्रोणापर्यंत सगळं दिसलं पाहिजे. आणि वाटाडे तुम्हीच."

"मी घेत नाही, साहेब," मी म्हणालो.

"म्हणूनच तर! घेणारा वाटाड्या अर्ध्या वाटेतच आडवा व्हायचा."

व्हरांड्यातली सगळी मंडळी खो खो हसली. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला गुदगुल्या झाल्या होत्या. इतकी वर्षं मी बोर्डाकडे कौलांसाठी अर्ज करत होतो आणि कुणी ढुंकून पाहत नव्हतं; आज एवढा मोठा माणूस खुर्ची पुढे ओढून मला विचारत होता की मोह किती उंच वाढतो. मी त्यांना मोहाची उंची सांगितली, पानं सांगितली, फळाचं तेल सांगितलं. विचारलं नव्हतं तेही सांगितलं.

पुढचे आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. शाळा सुटली की फुलस्केप कागद घेऊन बसायचो. सकाळच्या गाडीनं मुंबईची मंडळी कर्जतला उतरणार, तिथून दोन दमण्यांतून, म्हणजे हलक्या बैलगाड्यांतून, शाळेपर्यंत, शाळेत चहा. पुढे चढण, पण गोऱ्या पाहुण्याचे बूट आणि वकिलांची ढेरी पाहता ओढ्यावर एक विसावा. मग सगळ्यात जुनं झाड, मग वाळवणाचं कातळ, मग भट्टी. भट्टी म्हणजे काय, तीन दगडांची चूल, तिच्यावर भिजल्या फुलांचं मडकं, आणि मडक्याच्या तोंडातून निघालेली पोकळ बांबूची नळी ओढ्याच्या गार पाण्यात बसवलेल्या दुसऱ्या मडक्यात. वाफ थंड झाली की थेंब थेंब दारू पडते. चाखायला पळसाचे द्रोण. जेवण बंगल्यावरून डब्यात. मी आराखडा दोनदा कच्चा लिहिला आणि तिसऱ्यांदा सुवाच्य अक्षरात उतरवला. आमच्या घराण्यात अक्षर चांगलं.

वकिलांनी त्यात एकच भर घातली: खुर्च्या. पाहुणे जमिनीवर बसणार नाहीत. पाच वेताच्या खुर्च्या बंगल्यातून आदल्या दिवशी वर न्यायच्या. मी म्हणालो, कातळ स्वच्छ असतं, घोंगडी अंथरू. "घोंगडी!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी आराखड्यात खुर्च्या लिहून टाकल्या. शेवटी वाडीतल्या पाच गड्यांनी डोक्यावर खुर्च्या घेऊन तो डोंगर चढला. त्यांच्या बुडाखाली आयुष्यात कधी खुर्ची आली नव्हती.

"परवान्याचं काय?" असं मी विचारलं तेव्हा वकील म्हणाले, "ते माझ्याकडे लागलं." आणि चार दिवसांत कागद आला. सहीशिक्क्यासकट! वाडीतला म्हातारा खायच्या फुलांच्या परवान्यासाठी दोनदा कचेरीत पायपीट करून आला होता. दोन्ही वेळा शिपायानं त्याला पायरीवरूनच हाकललं. आणि इथे पाच पाहुण्यांच्या घोटभर मजेसाठी चार दिवसांत परवाना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेली, आणि मी काय केलं? कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

कागदात लिहिलं होतं, अमुक वाडीत, एका घरी, एका मडक्यापुरती, एका दिवसासाठी परवानगी. मी तो वाचला होता. नीट वाचला होता.

त्याच संध्याकाळी वर गेलो. म्हातारा दारात दोर वळत बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पावनं येत असत्याल तर येऊं दे की. पन गाळताना धरत्याल नं आमाला?"

"नाही धरणार, बाबा. हा बघा परवाना."

त्यानं कागद हातात घेतला, उलटा सुलटा केला, शिक्क्यावर अंगठा फिरवला आणि परत दिला. तेवढ्यात बाय आतून आली. तिला कागदाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं विचारलं, "परतीचं मडकं भिजवायचं का मंग?"

ही त्या वाडीची रीत होती. वाडीत आलेला पाहुणा एका घराचा नसतो, सगळ्या वाडीचा असतो. आणि पाहुणा उठायच्या आत त्याच्या परतीचं मडकं भिजवायचं. म्हणजे काय, तर प्रत्येक घरातली बाई आपल्या कणगीतली सूपभर फुलं आणून एका मोठ्या मडक्यात ओतते, वर ओढ्याचं पाणी. ते मडकं त्या पाहुण्याच्या नावानं मुरत राहतं. म्हणजे तो परत यायला बांधला गेला. एकाही घरानं चुकायचं नाही. चुकलं तर त्या घराला पाहुणा नकोसा झाला, असा अर्थ. माझ्या नावाचं मडकं हिवताप उतरल्यावर भिजलं होतं. मी ते कधी प्यालो नाही, पण भिजलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"त्या दिशी नको भिजवाया," बाय म्हणाली. "घरोघरची फुलं भायेर निघत्याल. कोन कुठला पावना, आमाला काय ठावं?"

"मंग पावना म्हनून बोलवायचा कशाला गं?" म्हातारा तिच्यावर उखडला. "खुर्च्या न्यायला गडी दिलं, गाळायला मडकं दिलं, आनि परतीचं नाय? वाडीची लाज काडतीस का?"

"लाज ऱ्हाऊं दे. आखाडात काय खाशील, लाज?"

दोघं भांडली, आणि भांडून झाल्यावर दोघांनी माझ्याकडे पाहिलं. कागद वाचता येणारा त्या डोंगरावर मी एकटाच होतो.

"अगं बाय, सरकारी शिक्का आहे त्याच्यावर," मी म्हणालो. "कुणाची हिंमत आहे हात लावायची?"

"तुमी समदा वाचलाव नं?"

"समदा वाचलाय."

खोटं बोललो नव्हतो, हे मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. वाचला होताच की! पण माझ्या डोक्यात सहल भरली होती. बावीस बायका, बावीस सुपं, रांगेनं उतरणीवरून येतायत, गोरा पाहुणा टोपी काढून उभा राहतोय, आणि मी शेजारी उभा राहून सांगतोय. आराखड्यात मी तो प्रसंग सगळ्यात शेवटी घातला होता, 'वाडीची रीत' असं ठळक अक्षरात लिहून. त्या द्राक्षांच्या देशात असं काही नसणार, याची मला खात्री होती. ते मडकं आराखड्यातून काढायला मी तयार नव्हतो. हाच तो हलकटपणा, दुसरं नाव नाही त्याला.

ठरल्या दिवशी मंडळी कर्जतला उतरली. वकील, गोरा पाहुणा, वकिलांचे मुंबईचे दोन मित्र, आणि पाचवा एक सडपातळ, गोड बोलणारा गृहस्थ. वकिलांनी ओळख करून दिली, "हे अबकारीतले साहेब. परवाना यांच्याच कृपेनं." मला तिथेच संशय यायला हवा होता. आला नाही. उलट वाटलं, बरं झालं, परवाना देणाराच बरोबर आहे, आता भ्यायचं कशाला?

सहल सुरेख झाली. हे म्हणताना जीभ जड होते, पण सुरेखच झाली. ओढ्यावर सोड्याच्या बाटल्या फुटल्या, वकिलांना धाप लागली, मित्रांनी त्यांची टर उडवली. जुन्या झाडाखाली गोऱ्या पाहुण्यानं एक फूल उचलून तोंडात टाकलं आणि लहान मुलासारखं तोंड वाकडं करून हसला. भट्टीपाशी बाय बसली होती. खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या, पण गोरा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि नळीतून पडणारे थेंब बघत राहिला. पहिली धार म्हाताऱ्यानं झाडाच्या बुंध्याशी ओतली, थोडी विस्तवावर उडवली. भप्पकन निळा जाळ झाला तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग द्रोण फिरले. अबकारीचे साहेब दोन द्रोण प्याले. मिशा पुसून म्हणाले, "ठेक्याच्या दुकानात असली मिळत नाही."

आणि मी बोलत होतो. सकाळपासून माझं तोंड बंद नव्हतं.

मग बायका आल्या. एकीमागून एक, डोक्यावर सुपं. नवी साडी कुणाकडे नव्हती, पण केसांत कुड्याची फुलं घातली होती. येऊन मडक्यात फुलं ओतायची, पाहुण्यांकडे बघून हसायची आणि बाजूला उभी राहायची. गोऱ्यानं खरोखरच टोपी काढली. अबकारीच्या साहेबांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"किती घरं म्हणालात, मास्तर?"

"बावीस, साहेब. एकही घर चुकत नाही."

"अरे वा! प्रत्येक घरात एवढी फुलं असतात?"

"असतात तर! चार-पाच पायली तरी सहज. शेणानं सारवलेल्या कणगीत ठेवतात, चुलीच्या मागच्या कोपऱ्यात, दमट लागू नये म्हणून. पावसाळ्यात शिजवून खातात, साहेब. यांचं अन्नच आहे हे."

"वा, वा," साहेब म्हणाले. "फार छान समजावून सांगता तुम्ही."

मी खूश झालो. अहो, मी खूश झालो! पलीकडे बाय माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला आमची भाषा कळत होती. ती काही बोलली नाही, कारण पाहुण्यांसमोर बोलायचं नसतं.

नवव्या दिवशी सकाळी शाळेत मी पाढे म्हणून घेत होतो. वरून कुत्र्यांचा गलका ऐकू आला. मग बायकांचा आरडाओरडा. मी तसाच धावत सुटलो, पण मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. अबकारीचे साहेब परत आले होते, सात शिपायांना घेऊन. आमचे पाहुणे!

बावीस कणग्या फोडल्या होत्या. घरं उलटीपालटी केलेली नव्हती, हे ध्यानात घ्या. सरळ आत, चुलीमागच्या कोपऱ्यात, आणि कुऱ्हाड. अंगणाच्या मध्यभागी फुलांचा ढीग घातला होता आणि त्याच्यावर रॉकेल ओतलं होतं. पेटवायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. खायच्या कामातून गेली म्हणजे झालं. परतीचं मडकंही फोडलं होतं. आंबलेलं पाणी उतारावरून वाहत होतं आणि त्या वासात रॉकेलचा वास मिसळला होता. पोरं रडत होती. एक बाई ढिगाच्या खालून, जिथे रॉकेल पोचलं नसेल तिथून, हातानं फुलं उकरत होती, वास घेऊन बघत होती आणि टाकत होती.

म्हाताऱ्याला दोरी लावून नेलं होतं.

बाय दाराशी बसली होती. मी जवळ गेलो. ती म्हणाली, "कंच्या कोपऱ्यात हात घालायचा, समदं ठावं हुतं त्यांना." बास, एवढंच. माझ्याकडे बघून नाही, ढिगाकडे बघून म्हणाली.

मी तसाच, पायात वहाणा नाहीत अशा अवस्थेत कर्जतला गेलो. वकील व्हरांड्यात दाढी करून घेत होते. मी काय काय बोललो ते मला आज आठवत नाही, पण आवाज चढला होता, कारण न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. तुमचे पाहुणे, तुमची सहल, तुमचा परवाना, असं काहीतरी. वकिलांनी मला पुरं बोलू दिलं. मग गालावरचा साबण पुसून शांतपणे म्हणाले, "मास्तर, परवाना एका घरचा, एका मडक्याचा होता. तुम्ही वाचला होता ना?"

मी मान डोलावली.

"मग बावीस घरांची फुलं बाहेर काढायला कुणी सांगितली? मी?"

"तुम्हाला तो प्रसंग आवडला होता, साहेब."

"आवडला होताच. साहेबांनाही आवडला. पण ते सरकारी नोकर आहेत. डोळ्यांनी बघितलेलं न बघितल्यासारखं कसं करणार? कायदा म्हणजे कायदा." मग थोडा आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या शाळेच्या कौलांचं मी बोललोय बरं का. होईल." आणि मान वर करून न्हाव्यापुढे गाल केला.

नीच! नीच माणूस! आज इतक्या वर्षांनी कागदावर लिहितोय, तेव्हा तोंडावर बोललो नाही. कौलं त्याच महिन्यात आली. अजून असतील त्या शाळेवर.

खटला आठ दिवसांनी उभा राहिला. कचेरीत मी मागच्या बाकावर बसलो होतो. म्हाताऱ्याला पुढे उभं केलं होतं, अंगावर ठिगळाची बंडी, हातात काठी नाही म्हणून एका पायावर भार देऊन. न्यायाला बसलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं, फुलं कुणाची?

"माजी," तो म्हणाला.

"बावीस घरांतली सगळी?"

"व्हय. समदी माजी. जागा नव्हती म्हनून लोकांच्या घरात ठेवाया दिली हुती. त्यांना काय ठावं नाय."

कचेरीत कुणीतरी हसलं. अधिकाऱ्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि लिहून घेतलं. त्यालाही एकवीस जणांची कटकट नकोच होती. अबकारीचे साहेब भिंतीशी उभे होते. चेहरा अगदी प्रसन्न.

मला उठायचं होतं. उठून सांगायचं होतं की ही फुलं अन्नाची आहेत, ती बाहेर काढायला मी सांगितलं, कागद वाचून मी शब्द दिला, आणि हे जे भिंतीशी उभे आहेत ते त्याच वाडीत खुर्चीवर बसून दोन द्रोण प्याले आणि मला प्रश्न विचारत होते. चार वाक्यं होती. मी ती रात्रभर घोकली होती. पण वकील पहिल्या बाकावर बसले होते. सहज आल्यासारखे. त्यांनी एकदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, ओळखीचं हसून. मला खाडीपलीकडची शाळा दिसली, खालापूरच्या घरी होऊ घातलेलं बायकोचं बाळंतपण दिसलं, आणि मी बसून राहिलो. माझ्या घराण्यात गप्प बसायची पद्धत नव्हती. नको तिथे तोंडाची टकळी चालवली आणि हवं तिथे दातखीळ बसली.

तीन महिन्यांची सजा झाली त्याला. बाहेर नेताना तो माझ्यासमोरून गेला. म्हणाला, "मास्तर, वाडीकडं ध्यान असूं द्या." त्याचा माझ्यावर अजून विश्वास होता, की म्हणायची पद्धत म्हणून म्हणाला, मला आजही सांगता येत नाही.

ध्यान असू द्या! पाऊस लागला तेव्हा मी डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन चढलो. बायनं पोतं दारात ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेच्या पायरीवर होतं, तोंड तसंच शिवलेलं. चार घरं त्या आषाढात खोपोलीकडे कामाला उतरली, त्यातली दोन परत आली नाहीत. उरलेल्यांनी काय खाल्लं, मी विचारलं नाही. मला कुणी सांगितलंही नसतं. पण वाडीतलं कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी पायावर डोकं ठेवलं असतं. श्रावणात म्हातारा सुटून आला. शाळेवरूनच वर जायची वाट. मी दारात उभा होतो. तो वाकून, जमिनीकडे बघत चालत गेला.

पुढच्या फाल्गुनाच्या अखेरीस वकिलांची चिठ्ठी आली. यंदा आठ पाहुणे आहेत, दोन मडमा आहेत, गेल्या वर्षीच्या सहलीची मुंबईत वाहवा झाली, तेव्हा लवकर आराखडा करून पाठवा. खाली लिहिलं होतं, वाडी दुसरी शोधा, त्या वाडीचं नाव आता खराब झालंय.

मी ती चिठ्ठी फाडली. उत्तर लिहिलं, 'जमणार नाही.' दोनच शब्द, आणि पोस्टात टाकले. लगेच बदलीचा हुकूम येणार हे मला ठाऊक होतं, आणि आलाही. पण त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. वर्षभरात पहिल्यांदा मी काहीतरी केलं होतं. मनात आलं, वाडीत जाऊन सांगावं. म्हाताऱ्याला सांगावं, बायला सांगावं, की मी वकिलांना नाही म्हणालो. त्यांनी एकदा 'बरं केलंत, मास्तर' म्हणावं, एवढीच माझी हाव होती. चैत्र लागला होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी निघालो.

ओढा ओलांडून वर आलो तर जुन्या झाडाखाली बायका फुलं वेचत होत्या. सात-आठ जणी, पाठी माझ्याकडे. बायही होती. त्यांचं हसणं-बोलणं ऐकू येत होतं. माझ्या पायाखाली एक फांदी मोडली. एकीनं वळून पाहिलं आणि ओरडली. पुढचं सगळं निमिषात झालं. वेचलेली फुलं त्यांनी करवंदीच्या जाळीत उपडी केली, रिकाम्या टोपल्या उचलल्या आणि पळत सुटल्या.

"अगं, थांबा!" मी जीव खाऊन ओरडलो. "बाय! मी आहे गं! मी मास्तर!"

बायनं पळता पळता मागे वळून पाहिलं. मला नीट ओळखलं तिनं. आणि बाकीच्यांना ओरडून म्हणाली, "पळा गं, मास्तर हाय!"